जुना पपी डायल: पारखून घेणं, दुरुस्त करणं आणि मिलिंगवर लावणं

मिलिंगवर काम करणाऱ्याला लिव्हर डायलकडून, म्हणजे टोकाच्या बारीक दांडीची (स्टायलसची) हालचाल काट्याने दाखवणाऱ्या, शॉपमधल्या पपी डायलकडून, माप क्वचितच हवं असतं. हेड (मशीनचा कटर फिरवणारा वरचा भाग) टेबलाशी काटकोनात आहे का, व्हाईसचा (काम पकडणाऱ्या शिकंज्याचा) जबडा टेबलाच्या चालीला समांतर आहे का, स्पिंडल (कटर धरून फिरणारा आस) बोअरच्या (भोकाच्या) मध्यावर आला का, या तिन्ही प्रश्नांना डायल एकच उत्तर देतो: काटा हलला किंवा नाही हलला. किती हलला हे त्याने थोडं चुकीचं दाखवलं तरी सेटिंग बिघडत नाही. पण काटा निघाल्या जागी परत येत नसेल तर तो डायल फुकट मिळाला तरी महाग आहे. जुना डायल घेताना, उघडताना आणि लावताना एवढं लक्षात ठेवलं की कुठे जीव ओतायचा आणि कुठे सोडून द्यायचं ते कळतं.

हा लेख ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या, म्हणजे तबकडीचं एक घर ०.०१ मिमी असलेल्या, नेहमीच्या डायलबद्दल आहे: पल्ला ०.८ मिमी, तबकडी ०-४०-० (झिरोपासून दोन्ही बाजूंना ४० घरं). जुन्या बाजारात ०.००२ मिमीचे, ०-१००-० तबकडीचे डायलही दिसतात आणि मोह होतो. त्यांचा पल्ला जेमतेम ०.२ मिमी. व्हाईसला हातोडीचा पहिला टोला बसला की काटा पल्ल्याबाहेर जातो. ते ग्राइंडिंगला आणि इन्स्पेक्शनच्या टेबलावर शोभतात, मिलिंगला नाही.

घेताना

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, बंद पडलेल्या टूलरूमचा लिलाव, भोसरी किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातले जुन्या मशिनरीचे व्यापारी, असे कुठेही हे डायल हाती लागतात. मितुतोयो, टेसा, मार, आपलं बेकर, ही नावं बघून घ्यायला हरकत नाही, कारण त्यांचे स्टायलस आणि क्लॅम्प अजून मिळतात. मात्र कोराकरकरीत दिसणारा आणि संशय यावा इतका स्वस्त मितुतोयो दिसला तर हात आखडता घ्या. त्या नावाच्या नकला पुष्कळ आहेत. जुनाट दिसणारा, तबकडी पिवळी पडलेला डायल त्यापेक्षा बरा.

बाजारात तपासायला दहा पटीचं भिंग आणि तुमचं नख पुरतं. स्टायलसचं टोक नखाने अगदी हळू ढकला. काटा अडखळता कामा नये, आणि नख काढल्यावर पहिल्याच जागी यायला हवा. मग उलट्या दिशेने ढकला. बहुतेक डायलमध्ये दिशा आपोआप बदलते. काही जुन्यांत त्यासाठी बाजूला छोटी दांडी असते, ती अडकलेली नाही ना ते पाहा. हीच चाचणी डायल उभा, आडवा आणि उलटा धरून करा. एका स्थितीत काटा नीट येतो आणि दुसऱ्या स्थितीत रेंगाळतो, असं झालं तर आत घाण आहे किंवा हेअरस्प्रिंगची (आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) ताकद गेली आहे. घाण निघते. स्प्रिंगचं सांगता येत नाही.

आता स्टायलस दोन बोटांत धरून त्याच्या पिव्होटच्या (ज्या आसावर तो झुलतो त्याच्या) रेषेत, म्हणजे ज्या दिशेला तो झुलत नाही त्या दिशेला, हलकेच हलवा. तिथे ढिलेपणा हाताला जाणवला तर बेअरिंग झिजलेलं आहे किंवा त्याचा स्क्रू सुटलेला आहे. पुढे स्टायलसच्या टोकाच्या बॉलकडे भिंगातून बघा. कार्बाइडच्या बॉलवर एखादी चपटी जागा झाली असेल तर स्टायलस बदलावा लागेल, ते काही मोठं नाही. शेवटी स्टायलस त्याच्या घर्षणाच्या सांध्यावर फिरवून बघा. तो बऱ्यापैकी घट्ट फिरायला हवा. सैल फिरत असेल तर काम चालू असताना तो न सांगता सरकेल आणि तुम्ही हेडला दोष द्याल.

किंमत विचाराल तर माझा हिशोब सोपा आहे: चालू डायलला नव्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही, अडकलेल्याला त्याच्या निम्मे. खाली पडलेला डायल ओळखू येतो. बेझलच्या (तबकडीभोवतीच्या फिरत्या रिंगच्या) कडेला ठोका असतो आणि डव्हटेलचा (क्लॅम्प बसतो त्या तिरक्या कडांच्या पट्टीचा) कोपरा दबलेला असतो. तसा डायल फक्त सुट्या भागांसाठी घ्या.

उघडण्याआधी तपासा

घरी आणल्या आणल्या स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. डायल आधी भक्कम स्टँडवर, सरफेस प्लेटवर (तपासणीच्या अगदी सपाट पाटावर) लावा. लवचीक मानेच्या स्टँडवर केलेल्या तपासणीला अर्थ नाही. त्यात स्टँडचीच चूक मोजली जाते.

स्टायलस जवळजवळ आडवा ठेवा, खाली स्लिप गेज (अचूक जाडीचा ठोकळा) घाला, सुमारे ०.१ मिमी दाब द्या आणि बेझल फिरवून झिरो करा. स्टायलस काडीने उचलायचा, स्लिप काढायची, परत घालायची, स्टायलस सोडायचा, असं दहा वेळा करा. चांगल्या डायलमध्ये काटा प्रत्येक वेळी घराच्या एक तृतीयांशाच्या आत, म्हणजे तीन-चार मायक्रॉनमध्ये, परत येतो. मिलिंगच्या सेटिंगला अर्धं घर चालतं. दर वेळी काटा वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर पुढच्या चाचण्या करण्यात अर्थ नाही, सरळ साफसफाईकडे वळा.

मग १.०० ची स्लिप घालून झिरो करा आणि १.१०, १.२०, १.३०, १.४०, १.५० अशा चढत्या क्रमाने वाचत जा. त्याच वाटेने उतरत या. ८७ नगांच्या नेहमीच्या सेटमध्ये या सगळ्या स्लिप सुट्या असतात. चढताना आणि उतरतानाच्या वाचनातला फरक सगळ्यांत बोलका. तो अर्ध्या घराहून जास्त असेल तर कुठेतरी घर्षण आहे किंवा दात सैल आहेत. चढतानाच सगळी वाचनं सारख्या प्रमाणात कमी किंवा जास्त येत असतील तर घाबरू नका: मागच्या मालकाने चुकीच्या लांबीचा स्टायलस बसवला असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

एक चाचणी फारसं कोणी करत नाही. डायल स्टँडवर असताना त्याच्या पाठीवर पेन्सिलीने हळू टकटक करा. काटा सरकला आणि सरकलेलाच राहिला, तर तो आपल्या आसावर सैल बसलेला आहे.

न उघडता होणारी दुरुस्ती

अडकणाऱ्या डायलचा रोग बहुधा आत नसतो, स्टायलसच्या पिव्होटपाशी असतो. कूलंट वाळून राळेसारखा झालेला असतो आणि त्यात ग्राइंडिंगची धूळ बसलेली असते. कुणीतरी वरून डब्ल्यूडी-४० मारलेलं असेल तर आणखी वाईट, कारण ते काही महिन्यांनी चिकट होतं आणि पुन्हा धूळ धरतं.

डायल असा धरा की स्टायलस खाली आणि तबकडी वर येईल. विरघळलेली घाण बाहेर ठिबकली पाहिजे, आत जाता कामा नये. बारीक ब्रशवर घड्याळजी वापरतात ते व्हाइट पेट्रोल थोडंसंच घ्या आणि पिव्होटच्या फटीत फिरवा. स्टायलस झुलवत राहा. ब्रश पुसा, पुन्हा करा. ब्रश स्वच्छ निघू लागला की रबरी ब्लोअरने वारा द्या. कॉम्प्रेसरची नळी या डायलच्या जवळसुद्धा आणू नका. खिडक्या उघड्या असू द्या, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. थिनर आणि अॅसिटोन तर वापरूच नका: काच बहुधा अॅक्रिलिकची असते, ती तडकते, आणि तबकडीची छपाईही पुसली जाते.

इथे तेल घालायचं नाही. पिव्होट कोरडाच ठेवा आणि स्लिपची चाचणी परत करा. पुष्कळ डायल इथेच बरे होतात.

स्टायलस बदलताना त्याचा छोटा पाना वापरा, पक्कड नको. आटे एम-२ पेक्षाही बारीक असतात आणि कंपनीगणिक वेगळे, त्यामुळे 'बसतोय तर बसवू' हे इथे चालत नाही. लांबी मूळचीच हवी. डायल खरं तर कोन मोजतो आणि तबकडी एका ठरावीक लांबीच्या हिशोबाने आखलेली असते. पिव्होटच्या मध्यापासून बॉलच्या मध्यापर्यंतचं अंतर मूळ १५ मिमी असेल आणि तुम्ही ते ३० केलं, तर खरी ०.०२ मिमीची हालचाल तबकडीवर ०.०१ दिसेल. खोल बोअरमध्ये लांब स्टायलस मुद्दाम लावतात आणि झिरोच शोधायचा असतो तोवर त्यात काही गैर नाही. फक्त तो काढायला विसरू नका.

ओरखडलेली काच कापडावर थोडं ब्रासो घेऊन घासली की बऱ्यापैकी निवळते.

उघडायची वेळ आलीच तर

पांढरा टॉवेल पसरा, त्यावर कडा असलेला ट्रे ठेवा, आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या. स्क्रू इतके छोटे असतात की फरशीवर पडलेला सापडत नाही. घड्याळजीचे स्क्रूड्रायव्हर हवेत, टोक खाचेत पूर्ण बसणारे.

बेझल बहुधा रबरी रिंगवर किंवा तारेच्या स्प्रिंगवर दाबून बसवलेलं असतं. पातळ पात्याने एका जागी जोर न लावता गोल फिरत उचला. बेझल निघालं की आधी काटा काचेला किंवा तबकडीला घासत होता का ते बघा. एकाच जागी अडकणाऱ्या डायलमध्ये हे कारण वारंवार निघतं, आणि चिमट्याने काटा किंचित वाकवला की काम संपतं. काटा काढावाच लागला तर घड्याळाचे काटे उपटायचं साधन वापरा आणि तबकडीवर कागद ठेवा. काढण्याआधी मोकळ्या स्थितीत काटा कुठे उभा होता त्याचा फोटो हवाच. बसवताना त्याच जागी ठेवून सरळ खाली दाबायचा. सैल काट्यालाही हाच उपाय. फेविक्विक नको, त्याची वाफ आतल्या सगळ्यावर बसते.

तबकडीखाली मुख्य यंत्रणा दिसते. स्टायलसचा लिव्हर दातांचा एक तुकडा हलवतो, तो पिनियन (छोटं दातेरी चाक) फिरवतो, पिनियनबरोबरचं क्राउन गिअर मधल्या पिनियनला फिरवतं आणि त्यावर काटा असतो. रचना कंपनीप्रमाणे थोडी बदलते. हेअरस्प्रिंग सगळे दात कायम एकाच बाजूला दाबून ठेवते, म्हणूनच काट्यात बॅकलॅश (दातांमधला मोकळेपणा) दिसत नाही. डायल बराच काळ सुस्त असेल तर आधी या स्प्रिंगकडे बघा. वेटोळी एकमेकांपासून सारख्या अंतरावर असायला हवीत. दोन वेटोळी चिकटलेली दिसली तर कारण तेल असतं किंवा चुंबकत्व. तेल असेल तर ब्रशने व्हाइट पेट्रोलचा एक थेंब सोडून ते टिपकागदाने शोषून घ्या. चुंबकत्व असेल तर घड्याळजीकडच्या डीमॅग्नेटायझरवरून डायल फिरवून आणा, क्षणाचं काम आहे. मॅग्नेटिक स्टँडच्या बुडाला टेकवून ठेवलेल्या डायलला हा रोग होतो.

वेटोळी वाकली असतील तर स्वतः सरळ करायच्या फंदात पडू नका. शहरात अजून एखादा जुना घड्याळजी बसत असेल तर त्याच्यापुढे ठेवा. अशा स्प्रिंगवर आयुष्य घालवलेली माणसं ती.

दातांतली घाण टूथपिक तासून काढा, धातूची सुई नको. एकेका दाताकडे भिंगातून बघा. दात तुटलेला असेल किंवा पिव्होट वाकलेला असेल तर दुरुस्ती इथेच थांबवा आणि डायल सुट्या भागांच्या डबीत टाका. सगळं ठीक असेल तर पिव्होटच्या टोकांना घड्याळाचं तेल, मोबियस ९०१० सारखं, सुईच्या अग्रावर मावेल तेवढंच लावा. दात कोरडे. हेअरस्प्रिंग कोरडी.

स्टायलसच्या पिव्होटमध्ये ढिलेपणा होता त्यांच्यासाठी: बेअरिंगचा दाब ठरवणारा स्क्रू लाखेने बंद केलेला असतो. लाख मोडून स्क्रू एका फेरीचा सोळावा भाग, त्याहून जास्त नाही, फिरवा आणि झुलवून बघा. ढिलेपणा गेला आणि स्टायलस अजूनही स्वतःहून परत येतो, एवढं झालं की थांबा. जास्त आवळला तर बारीक बॉल आपल्या वाटेत खड्डे पाडतात आणि ते भरून येत नाहीत. जागा ठरली की नेलपॉलिशचा ठिपका द्या.

हेड सरळ करणं

टेबल पुसा, ऑइलस्टोन हलकेच फिरवून बर (धातूचे वर उठलेले काठ) काढा. नी (टेबल वरखाली नेणारा भाग) आणि क्विल (स्पिंडल वरखाली नेणारी नळी) लॉक करा. डायल आखूड दांडीवर कोलेटमध्ये धरा, स्पिंडल न्यूट्रलमध्ये घ्या आणि हाताने फिरवा. बॉल स्पिंडलच्या मध्यापासून १०० मिमीवर आला तर २०० मिमीचं वर्तुळ मिळतं. टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये स्टायलस अडकून मोडायची भीती असते, म्हणून मी टेबलावर मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग ठेवतो. तिच्या दोन्ही बाजू ग्राइंड केलेल्या आणि समांतर असतात, आणि बॉल तिच्यावरून अख्खी फेरी मारतो. रिंगखाली कचऱ्याचा कण नको.

स्टायलस शक्य तितका आडवा ठेवून ०.२ मिमी दाब द्या. डावीकडे झिरो करा, अर्धी फेरी मारून उजवीकडे वाचा. समजा ८ घरं फरक आहे. हेडचे बोल्ट जरासे अंग धरून राहतील इतके सैल करा आणि काटा ४ घरं मागे येईपर्यंत हेड वळवा, कारण एक बाजू वर जाते तशी दुसरी खाली येते. पुन्हा झिरो, पुन्हा फेरी. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि आवळल्यावर परत तपासा. आवळताना हेड हमखास सरकतं. तो सरक ओळखून आधीच थोडं उलट ठेवायला हात सरावतो. एम-१-टीआर घाटाच्या टरेट मिलिंगमध्ये हेड पुढे-मागेही झुकतं, तिथे हीच कसरत दुसऱ्या दिशेने. एचएमटीच्या एफएन-२-व्ही सारख्या मशीनवर हेड एकाच पातळीत वळतं, पुढे-मागे जे आहे ते आहे.

किती सरळ म्हणजे पुरे? २०० मिमीवर ०.०२ फरक राहिला तर हेडचा कल दहा हजारात एक. १०० मिमीच्या फेस कटरने, कल असलेल्या दिशेलाच फीड देत एका फेरीत पृष्ठभाग काढला तर मध्ये सुमारे ५ मायक्रॉनचा खोलगटपणा येतो. कल फीडच्या आडव्या दिशेला असेल तर ८० मिमी सरकून मारलेल्या दोन फेऱ्यांमध्ये ८ मायक्रॉनची पायरी राहते, नखाला लागते न लागते अशी. साध्या फिक्स्चर प्लेटला हे चालतं. मोल्डच्या पार्टिंग फेसला (साच्याचे दोन भाग जिथे मिळतात त्या पृष्ठभागाला) नाही.

व्हाईस

व्हाईसचं बूड आणि टेबल पुसून एक बोल्ट घट्ट, दुसरा जेमतेम लावा. डायल नेहमी स्थिर जबड्यावर. सरकता जबडा दाबाने वर उचलला जातो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जबड्यावर कटरच्या खुणा असतील तर त्याला चांगला पॅरलल (समांतर बाजूंची अचूक पट्टी) चिकटवून त्यावर बॉल टेकवा. घट्ट बोल्टच्या बाजूला झिरो करा, टेबल सरकवत दुसऱ्या टोकाला या आणि नायलॉनच्या हातोडीने टोले देत काटा झिरोवर आणा. परत पहिल्या टोकाला गेलात की तिथला झिरो थोडा हललेला सापडेल, कारण व्हाईस अगदी बोल्टभोवतीच फिरत नाही. दोन-तीन येरझाऱ्यांत जमतं. बोल्ट पूर्ण आवळून शेवटची येरझार घालायचीच.

बोअरचा मध्य

बॉल बोअरच्या भिंतीला टेकवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. चारही दिशांशी एकदम झगडू नका. आधी फक्त एक्स: डावीकडे +१२ आणि उजवीकडे -८ दिसलं तर फरक २० घरं म्हणजे ०.२० मिमी, आणि टेबल त्याच्या निम्मं, ०.१० मिमी सरकवायचं. मग वाय. मग परत एकदा एक्स. सरकवणं नेहमी एकाच बाजूने करा, नाहीतर टेबलाच्या स्क्रूचा बॅकलॅश तुम्हाला फिरवत ठेवतो. डीआरओ (टेबलाची जागा आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट) असेल तर हा त्रास नाही. तबकडी पलीकडे वळते तेव्हा छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा लावा, मान वाकवून तिरकं वाचू नका. बोअर जुना आणि झिजका असेल तर दोन वेगवेगळ्या खोलींवर बघा. दोन्हीकडे वेगळा मध्य आला तर बोअरच तिरका आहे.

कोनाची चूक कधी मोजायची

आतापर्यंतच्या तिन्ही कामांत स्टायलस तिरका असला तरी झिरो हा झिरोच. पण कटरचा रनआउट (फिरताना तो किती डगमगतो ते) किंवा दोन पायऱ्यांमधला फरक आकड्यात हवा असेल तेव्हा स्टायलस आणि पृष्ठभाग यांच्यातला कोन हिशोबात घ्यावा लागतो. वाचन त्या कोनाच्या कोसाइनने गुणा: १० अंशाला ०.९८५, २० ला ०.९४, ३० ला ०.८७, ४५ ला ०.७१. ३० अंशावर ०.१० दिसलं तर खरा फरक ०.०८७. इंटरॅपिड या स्विस डायलची तबकडी मुळातच १२ अंश कोन धरून आखलेली आहे, त्यामुळे तो आडवा न ठेवता तेवढा तिरका ठेवायचा.

ठेवणं

काम झालं की बॉल आणि डव्हटेल कोरड्या कापडाने पुसा, घामाचा हात लागला असेल तर नक्कीच. डायल त्याच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. कोकणात आणि पावसाळ्यात पुडी महिन्याला बदला. मॅग्नेटिक स्टँड वेगळ्या खणात.

घरी दुरुस्त केलेल्या डायलवर 'फक्त सेटिंग' अशी चिठ्ठी लावा. ग्राहकाच्या इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये आकडा लिहायचा असेल तर तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅलिब्रेट झालेल्या डायलचाच हवा. तिथे पाठवण्याआधी स्लिपवरची चढती-उतरती वाचनं लिहून काढा. चढ-उतारात एका घराहून जास्त फरक पडत असेल तर कॅलिब्रेशनची फी वाचवा.